घरातील नृत्यवर्गासाठी लाकडी जमीन : करावी का, आणि करायची तर कशी? (बडोदे)

माडीवरची (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही चार पिढ्यांचे बडोदेकर आहोत. जुने घर दांडिया बाजारात होते, आता कारेलीबागेकडे दुमजली घर आहे. माझ्या मुलीचे भरतनाट्यमचे शिक्षण पूर्ण झाल्यावर तिने माडीवरच्या बारा फूट बाय सोळा फुटांच्या खोलीत आठ मुलींचा वर्ग सुरू केला. खोलीला कोट्याची फरशी आहे. दीड तासाचा वर्ग झाला की मुली नडगी चोळत जिना उतरतात आणि स्वतः मुलगी रात्री टाचेला गरम पाण्याची पिशवी लावून बसते. ही पीडा मी वर्षभर पाहते आहे.

यावर उपाय म्हणून आम्ही एका दुकानातून ‘डान्स फ्लोअर’ विकत घेतला. दुकानाचे नाव लिहीत नाही. दोन मिलिमीटर जाडीचा व्हिनाइलचा रोल त्यांच्या माणसांनी थेट कोट्यावर चिकटवून दिला, पैसे घेतले आणि ते गेले. खोली देखणी झाली, परंतु नडग्यांना कोणताही फरक कळला नाही. आता खरोखरीची लाकडी जमीन करावी असा विचार आहे. ती या खोलीत करावी की खालच्या पडवीत, कोणते लाकूड घ्यावे आणि उंची किती वाढेल, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे. शिवाय श्रावणात घरी मंगळागौर असते, तेव्हा याच खोलीत झिम्मा-फुगड्या होतात. तीही सोय पाहायची आहे.

रंधा-पटाशी

मी नृत्यातला नव्हे, बांधकामातला माणूस आहे. तरीही दोन रंगमंच आणि एक व्यायामशाळा यांच्या जमिनी हाताखालून गेल्यामुळे लिहितो.

तुमच्या दुकानदाराने विकले ते नृत्याच्या जमिनीचे फक्त कातडे होते. पाय सरकावा किती आणि धरावा किती, हे कातडे ठरवते. धक्का किती जिरावा हे मात्र कातड्याखाली काय आहे त्यावर अवलंबून असते, आणि तुमच्याकडे त्याखाली कोटा व काँक्रीटचा स्लॅब आहे. तो तसूभरही दबत नाही, त्यामुळे पाय आपटल्यावर सगळा धक्का टाचेतून नडगीत आणि नडगीतून गुडघ्यात परत जातो. युरोपात खेळांच्या सभागृहांसाठी ईएन १४९०४ नावाचे मानक आहे. त्यात काँक्रीटशी तुलना करून जमीन किती धक्का जिरवते ते मोजतात. ते प्रमाण किमान २५ टक्के आणि कमाल ७५ टक्के असावे, असे ते मानक सांगते. डीआयएन १८०३२ हे जर्मन मानक अधिक कडक असून त्यात किमान ५३ टक्क्यांची अट आहे. कमाल मर्यादा का, हे लोक विचारत नाहीत. फार मऊ जमिनीवर पाय रुततो, उडी घेताना पोटरीला दुप्पट काम पडते आणि घोटा मुरगळतो. म्हणूनच योगाच्या जाड चटया अंथरणे हा उपाय नव्हे. चटई पायाखाली तेवढ्याच जागी खचते. प्लायवुडची सलग जमीन मात्र वजन आजूबाजूला पसरवून मोठ्या भागात मिळून किंचित लवते.

घरगुती कामाला दोन रीती आहेत. पहिली जुनी रीत अशी की लाकडी रिपांचे आडवे-उभे थर एकमेकांवर रचायचे, वरची रीप खालच्या दोन आधारांच्या मध्ये येईल असे पाहायचे आणि त्यावर फळ्या ठोकायच्या. लाकूडच लवते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. मात्र उंची तीन-चार इंच वाढते आणि खालच्या पोकळीत उधई (वाळवी) शिरली तर फळी खचेपर्यंत पत्ता लागत नाही. दुसऱ्या रीतीत घट्ट फोमच्या तुकड्यांवर प्लायवुडचे दोन थर तरंगते ठेवतात. तुमच्या खोलीसाठी मी दुसरीच सुचवीन.

जुना सूरसागर

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. पण एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. १८८० साली तंजावरच्या मराठा घराण्यातील लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांची राणी म्हणून बडोद्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आंदण म्हणून नर्तकी आणि वादकांचा ताफाही आला. कावेरीकाठचे हे नृत्य विश्वामित्रीच्या काठी रुजले ते असे, मराठी घरातल्या लग्नाच्या वाटेने. महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली. तीच वाढत वाढत आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून सूरसागर तलावाच्या काठी उभी आहे. त्या नर्तकींच्या पायाखाली कोणी फोम घातला होता? लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची जमीन मोझेकची आहे, देवळांतली जमीन दगडाची असते, आणि कला तर टिकली. आजकाल प्रत्येक गोष्टीला सामग्री लागते, साधना मागे पडते, असे मला वाटते. राग नसावा.

तत्कार

काका, राग नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. दरबारात किंवा देवळात होतो तो प्रयोग, आणि त्यामागे असते ती रोजची मेहनत. देवळाच्या दगडावर वर्षातून काही वेळा नाचणे निराळे आणि काँक्रीटच्या स्लॅबवर आठवड्यातून पाच दिवस तट्टडवु (पाय आपटण्याचा मूळ पदन्यास) तीन काळांत, म्हणजे तीन लयींत, घोटणे निराळे. शिवाय जुन्या घरांतली मेहनत बहुधा मातीच्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा माडीच्या लाकडी पाटणीवर होत असे. स्लॅबपेक्षा या दोन्ही जमिनी पायाला किती तरी दयाळू असतात. भरतनाट्यममध्ये कुदित्त मेट्टु नावाचा अडवु, म्हणजे पदन्यासाचा प्रकार, आहे. त्यात चवड्यांवर उडी घेऊन टाचा जमिनीवर मारायच्या असतात. कोट्यावर तो शंभर वेळा करून पाहावा, म्हणजे साधना आणि सोसणे यांतला फरक टाचच सांगेल.

मी कथकची विद्यार्थिनी आहे, म्हणून धागाकर्तीला एक सूचना करते. जमिनीची लवचीकता सगळे विचारतात, घसरण कोणी विचारत नाही. आमच्याकडे चक्कर डाव्या टाचेवर घेतात. जमिनीने टाच घट्ट धरून ठेवली तर अंग फिरते, पाऊल मागे राहते आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. नव्या व्हिनाइलवर, विशेषतः घामेजलेल्या पावलांनी, मला हा त्रास झालेला आहे. उलट चकचकीत पॉलिशवर तिहाईच्या (तीनदा येणाऱ्या बोलांच्या) शेवटच्या ‘धा’ला पाय सटकतो. म्हणून घर्षणही मध्यम लागते. तुमची फुगडी हाही टाचेवरचाच खेळ आहे, त्यामुळे ही गोष्ट तुमच्या घराला दुप्पट लागू पडते. आणि कोणी टाल्कम पावडर शिंपडण्याचा सल्ला दिला तर कृपया ऐकू नका. ती कॅरमच्या पटावरच शोभते.

आवाजाचाही विचार करावा. दगडावर तत्काराचा, म्हणजे कथकमधल्या पदन्यासाचा, आवाज कोरडा, चपटा येतो. पोकळीवरच्या लाकडातून बोल गोल होऊन उमटतात आणि घुंगरांखाली पायाचा आघात वेगळा ऐकू येतो. विद्यार्थ्याला स्वतःची चूक ऐकू येणे, हा लाकडी जमिनीचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

माडीवरची

सर्वांची आभारी आहे. रंधा-पटाशी, माडी की पडवी, हे कृपया सांगावे. पडवी मोठी आहे, मुलींना जिना चढावा लागणार नाही, आणि खाली कोणाची झोपमोड होणार नाही.

रंधा-पटाशी

माडीच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी कुठवर आले होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मरीन प्लायला पाण्याचे भय नसते, असे दुकानदार सांगतात. आयएस ७१० चा शिक्का असलेल्या प्लायचा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही हे खरे आहे. परंतु पुराचे पाणी चिखल घेऊन येते, तो पोकळीत बसतो, आणि खालून जमीन साफ करायची म्हणजे सगळी उखडावीच लागते. तळमजल्याला जमिनीतली ओल आणि उधई यांचाही धोका अधिक असतो. एकच अट घालतो. माडी काँक्रीटच्या स्लॅबची असेल तरच हे करावे. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत तुळया आणि पाटणीची माडी असते. तिच्यावर आठ जणींनी एका लयीत पाय आपटण्यापूर्वी अभियंत्याला तुळयांची टोके दाखवावीत, कारण भिंतीत गेलेले टोकच आधी कुजते.

आता प्रत्यक्ष काम. बारा मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर घ्यावेत. एक शीट आठ बाय चार फुटांचे, म्हणजे बत्तीस चौरस फूट. तुमची खोली एकशे ब्याण्णव चौरस फूट, म्हणजे एका थराला सहा आणि एकूण बारा शीट लागतील. खालच्या थराच्या पाठीला दर फुटावर दोन इंच चौरस आणि एक इंच जाड असे घट्ट, बंद पेशींच्या फोमचे तुकडे चिकटवावेत. कडा धरून एका शीटला पाच बाय नऊ म्हणजे पंचेचाळीस तुकडे होतात, सहांना दोनशे सत्तर. गादीचा फोम वापरू नये, तो वजनाखाली तळाला टेकतो. थर्माकोल तर अजिबात नको, तो एकदा चेपला की परत वर येत नाही. अंगठ्याने जोर लावल्यावर किंचित दबून लगेच उठणारा फोम योग्य.

वरचा थर खालच्याला काटकोनात टाकावा आणि वरचा सांधा खालच्या सांध्यावर कुठेही येऊ देऊ नये. दोन्ही थर एकमेकांना फक्त स्क्रूने जोडावेत, खिळे नकोत. दोन्ही मिळून जाडी चोवीस मिलिमीटर, म्हणून स्क्रू वीस मिलिमीटरचेच घ्यावेत. पंचवीसचा घेतला तर टोक खाली निघून फोममध्ये किंवा फरशीत रुतेल. चारी भिंतींपासून दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि जागा नसेल तर जमीन मध्ये उचलली जाते. ती फट झाकणारी पट्टी भिंतीला ठोकावी, जमिनीला नाही. प्लाय आणल्यावर आठवडाभर त्याच खोलीत, वारा खेळेल असे उभे करून ठेवावे. उंची साधारण दोन इंच वाढेल. दाराची खालची कड किती घासावी लागेल आणि पंख्याला उंच मुलीचा हात लागतो का, हे आधी पाहून घ्यावे.

नवमीची रात्र

विषय घरातल्या जमिनीचा आहे, पण बडोद्यात जमिनीविषयी लिहायचे आणि गरब्याचे मैदान सोडायचे, हे मला शक्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडच्या मोठ्या मैदानांवर आजही हजारो माणसे मातीवर, अनवाणी, मधल्या गायकांभोवती रिंगणे धरून खेळतात. या खेळाला फोम लागत नाही, कारण नीट केलेली माती स्वतःच लवते. नीट करणे मात्र कष्टाचे असते. माती चाळून पसरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी मारायचे, आणि दुपारी ऊन उतरताना शेवटचा शिडकावा असा करायचा की रात्री धूळ उडणार नाही आणि चिखलही होणार नाही. एका वर्षी मी खेळत होते त्या मैदानावर आयोजकांनी खडी नीट वेचली नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्या चवड्यात अणकुचीदार खडा शिरला आणि पुढच्या सहा रात्री मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

सोसायटीत गरबा करणाऱ्यांसाठी इतकेच सांगते की पेव्हर ब्लॉकवर गालिचा अंथरून खेळू नये. गालिच्याखालच्या खाचा दिसत नाहीत, फेरा घेताना अंगठा अडकतो, आणि गालिचाही सरकतो. मागच्या बाजूला मातीचा तुकडा असेल तर गाड्या हलवून तिथेच रिंगण धरावे.

जुना सूरसागर

मातीचा मुद्दा पटला. आमच्या आजोळच्या माजघरात दर पंधरा दिवसांनी सारवण होत असे आणि त्यावर पडलेले पोर रडत उठत नसे, हे आता आठवले. दगडाबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण आठ लहान मुलींसाठी ते लावत नाही.

माडीवरची (दोन महिन्यांनंतर)

काम झाले. तपशील लिहिते, कारण पुढे कोणी शोधत आले तर उपयोगी पडेल.

व्हिनाइल उखडणे हेच सर्वांत किचकट निघाले. त्याचा गोंद कोट्यावर ठिकठिकाणी चिकटून राहिला होता. तो खरवडण्यात दोन दिवस गेले. मग फरशीवर लांब, सरळ अल्युमिनियमची पट्टी फिरवून उंचसखलपणा पाहिला. खिडकीकडे फरशी सुमारे चार मिलिमीटर खाली होती. तिथल्या फोमच्या तुकड्यांखाली मिस्त्रींनी रबराच्या पातळ चकत्या चिकटवल्या.

सांध्यांचा हिशेब मिस्त्रींनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने केला, तो मला पाहण्यासारखा वाटला. खालचा थर सोपा होता. शीट सोळा फुटांच्या दिशेने लांब टाकले, दोन-दोनच्या तीन रांगा. वरचा थर काटकोनात टाकायचा म्हटल्यावर मी सरळ चार-चार फुटांचे पट्टे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “बेन, मग आठ फुटांवर सांध्यावर सांधा येईल.” त्यांनी सुरुवातच दोन फुटांच्या पट्ट्याने केली, मग चारचे तीन पट्टे आणि शेवटी पुन्हा दोनचा. आडव्या बाजूलाही दोन, आठ आणि दोन असे तुकडे पाडले. त्यामुळे वरचा एकही सांधा खालच्यावर आला नाही आणि सहा शीटमध्ये थर बरोबर पुरला. उरल्या त्या फक्त भिंतीकडच्या फटीपुरत्या कापलेल्या चिंधोट्या. करवतीच्या पातीची जाडीही भिंतीकडच्या फटीत जिरली. हे गणित शाळेत शिकलेले नसते, हातात असते.

वरच्या कातड्याचा निर्णय मुलींवर सोपवला. अर्ध्या भागावर तोच जुना व्हिनाइल न चिकटवता, नुसता पट्टीने जोडून अंथरला आणि अर्ध्या भागावर प्लाय बारीक पॉलिश पेपरने घासून मॅट पीयूचे (चकाकी नसलेल्या पॉलियुरेथेन लेपाचे) तीन हात दिले. आठवडाभर दोन्हींवर वर्ग घेतला. पहिल्या दिवशी सगळ्या व्हिनाइलकडे धावल्या, कारण ते दिसायला रंगमंचासारखे होते. पाऊस सुरू होऊन घाम वाळेनासा झाला तशा एकेक करून लाकडाकडे आल्या. आता सगळीकडे मॅट पीयू आहे आणि व्हिनाइल पाइपभोवती गुंडाळून ठेवले आहे. नडग्यांची तक्रार पहिल्या पंधरा दिवसांत कमी झाली, नाहीशी झाली नाही. मुलगी म्हणते की काही जणींची अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची स्थिती) चुकीची आहे आणि त्याचा दोष जमिनीला देता येत नाही.

एक अडचण उरली आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात पाय पडला की करकर आवाज येतो. काय करावे?

रंधा-पटाशी

आवाजाची जागा पायाने शोधावी, कानाने नाही. रात्री शांत वेळी अनवाणी, टाच आणि चवडा आळीपाळीने टेकत हळू चालावे आणि जिथे तळपायाला बारीक थरथर जाणवेल तिथे खडूने खूण करावी. दोन-तीन खुणांच्या मधोमध बहुधा सैल स्क्रू सापडतो. तो काढून चार बोटे बाजूला नवा घालावा, जुन्याच भोकात पुन्हा पिळू नये. तरीही आवाज राहिला तर भिंतीकडची पट्टी किंवा उंबरठ्याची पट्टी जमिनीला घासत असेल. तरंगत्या जमिनीला कोणीही शिवता कामा नये.

तत्कार

पुसायला काय वापरता? आमच्या वर्गात कोणीतरी प्रेमाने फिनाइलचे पाणी फिरवले आणि दोन दिवस सगळ्या जणी बर्फावर चालावे तशा चालत होत्या.

माडीवरची

कोरडा झाडू, आणि घट्ट पिळलेले ओले फडके. तेलकट, सुवासिक काहीही नाही. अंगाला तेल लावून येणाऱ्या एका मुलीला पाय धुऊन वर यायला सांगावे लागले.

करकर उंबरठ्याच्या पट्टीचीच होती. मिस्त्रींनी ती काढून तासली आणि आवाज गेला. दारही दीड इंच तासावे लागले, पंखा मात्र वाचला.

पहिल्या मंगळवारी मंगळागौर झाली. झिम्म्याला जमीन छान बोलली. फुगडीला आधी दोघींनी सावध दोन फेरे घेतले, मग वेग धरला. टाच फिरत होती आणि सटकत नव्हती. माझ्या नणंदेने, ज्या दरवर्षी कोट्यावर एक फुगडी घालून “पुरे ग बाई” म्हणत बसतात, यंदा तीन घातल्या. पिंग्याला मात्र चौदा जणी एकदम आल्या तेव्हा मधोमध जमीन हलल्यासारखी वाटली, म्हणून आम्ही सहा-सहांचे गट केले.

राहिला खालच्या मजल्याचा प्रश्न. सासूबाईंची खोली बरोबर खाली आहे. पूर्वी त्यांना ठकठक ऐकू येई. आता, त्यांच्याच शब्दांत, “कोणीतरी लांबवर उखळात कांडत असल्यासारखे” ढबढब ऐकू येते. कोणते बरे, असे विचारल्यावर त्यांनी विचार करून सांगितले की आवाज हा बरा आहे, पण वेळ तीच वाईट आहे. दुपारी तीनचा वर्ग आता साडेचारला भरतो.